दोन स्वार, एक सांगाडा : टँडम सायकल आणि तिच्या सुट्या भागांची कहाणी

२६ जुलै १८९५ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी मारी स्क्लोदोव्हस्का आणि पिएर क्यूरी यांचा विवाह झाला. धार्मिक विधी नाही, अंगठ्यांची देवघेव नाही. भेटीदाखल मिळालेल्या रकमेतून या दांपत्याने सायकली घेतल्या आणि मधुचंद्राचे दिवस फ्रान्सच्या ग्रामीण भागात भटकण्यात घालवले. त्या सायकली दोन होत्या, दोघांच्या दोन. वास्तविक दोघांनी मिळून चालवायची टँडम सायकल तेव्हा युरोपात चांगलीच लोकप्रिय होती. दोन माणसांना एकाच दिशेने, एकाच वेगाने जायचे असेल, तर दोन सायकलींऐवजी एकच का असू नये, हा प्रश्न त्या काळातील अनेक यंत्रज्ञांनी हाताळला होता. उत्तर मात्र वाटते तितके सोपे निघाले नाही. सायकलीवर दुसरा स्वार बसवला की काही राशी दुप्पट होतात, काही दुपटीहून कमी भरतात, तर काही दसपट होतात. टँडमचा प्रत्येक सुटा भाग या असमान वाढीशी झगडत घडलेला आहे.

मराठी माणसाला ‘डबलसीट’ परिचयाची आहे. दांड्यावर किंवा कॅरिअरवर एकाने बसायचे आणि दुसऱ्याने पायडल मारायचे. तिथे दुसरी व्यक्ती म्हणजे ओझे असते. टँडमवर मात्र दोघेही पायडल मारतात. ‘टँडम’ हा मुळात लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘अखेरीस’, ‘बऱ्याच काळानंतर’ असा होतो. इंग्रजीत या ‘लांब’पणावर कोटी करून एकामागे एक घोडे जुंपलेल्या गाडीला हे नाव पडले आणि पुढे ते सायकलीकडे आले. म्हणजे या शब्दात दोन ही संख्या नाही, तर एकामागे एक अशी रचना आहे.

शेजारी की मागे?

आरंभी दोघांनी शेजारीशेजारी बसावे अशीच कल्पना होती. इंग्लंडमधील कोव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली यांनी १८७० च्या दशकात अशी जोडबैठकीची वाहने बनवली. त्यांच्यासंबंधी एक आख्यायिका सांगितली जाते. स्टार्ली आणि त्यांचा मुलगा विल्यम अशाच एका वाहनावरून निघाले असता मुलाचा जोर वडिलांपेक्षा जास्त पडला, वाहन एका अंगाला वळले आणि वडील खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या झुडपांत जाऊन पडले. गोष्टीतला तपशील कितपत खरा हे बाजूला ठेवले, तरी अडचण खरी होती. डाव्या व उजव्या चाकांना वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळा जोर दिला, तर वाहन सरळ जाणार कसे? १८७७ मध्ये स्टार्ली यांनी त्यावर योजलेला उपाय म्हणजे विभेदी दंतचक्र. दोन्ही स्वारांचा जोर एकाच आसाकडे न्यायचा आणि तो दोन्ही चाकांना समान वाटायचा, पण चाकांना भिन्न वेगाने फिरण्याची मोकळीक ठेवायची. पुढे मोटारगाडीच्या मागच्या आसावर हेच तत्त्व आले. व्हिक्टोरिया राणीने १८८१ मध्ये स्टार्ली यांची वाहने खरेदी केल्यावर त्यांच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले.

शेजारीशेजारी बसण्याचा तोटा हवेने दाखवून दिला. दोन देह शेजारी असले की वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. एकामागे एक बसले, तर मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाला येतो. मात्र त्यासाठी पाठोपाठच्या दोन समान चाकांची सायकल आणि भरवशाची साखळी हवी होती. हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये १८८० साली आजच्या धर्तीची रोलर साखळी तयार केली. जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल १८८५ मध्ये आली आणि उंच चाकांच्या धोकादायक सायकलींचे दिवस भरले. लगेच पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, बिगल्सवेडचे सायकल-कारागीर डॅन अल्बोन आणि त्यांचे सहकारी ए. जे. विल्सन यांनी टँडम सायकल सिद्ध केली. विल्सन यांना ऐकू येत नसे. इंग्रजीतील ‘डेफ’ म्हणजे बहिरा या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहून त्यांनी ‘फेड’ हे टोपणनाव घेतले होते. टँडमच्या इतिहासात पुढे जे घडले ते पाहता हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मागे कोण बसतो?

त्या काळातील अनेक टँडमवर स्त्री पुढे बसे आणि पुरुष मागे. पुढच्या भागाचा दांडा लांब झग्यासाठी खाली वाकवलेला असे. हॅन्डलची दोन टोके दांड्यांनी जोडलेली असत आणि दिशा प्रत्यक्षात मागून दिली जाई. शिष्टाचार म्हणून ही मांडणी सुंदर होती, पण यंत्र म्हणून सदोष. ज्याला समोरचे दिसत नाही त्याच्या हाती दिशा, आणि जोडदांड्यांमध्ये जराशी ढिलाई आली की चाकाला उशिरा कळणार. हळूहळू दिशा, ब्रेक आणि गिअर ही तिन्ही पुढच्याच्या हाती गेली. इंग्रजीत पुढच्याला ‘कॅप्टन’ आणि मागच्याला ‘स्टोकर’, म्हणजे आगबोटीच्या भट्टीत कोळसा घालणारा, म्हणू लागले. या नावातच विषमता आहे. कोळसा घालणाऱ्याला समुद्र दिसत नाही.

१८९२ मध्ये हॅरी डॅक्रे यांनी लिहिलेल्या ‘डेझी बेल’ या गाण्यामुळे टँडम घराघरांत पोहोचली. १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून जे गाणे गाऊन घेतले गेले, ते हेच. यंत्राच्या आवाजात गायले गेलेले पहिले प्रसिद्ध गाणे दोघांच्या सायकलीविषयीचे असावे, ही विज्ञानाच्या इतिहासातील एक गोड नोंद आहे.

सपाटीवरचे वरदान

हवेचा रोध ओलांडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रोध-गुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार एकट्या स्वारासाठी ढोबळमानाने ०.४ चौरस मीटर धरला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला हवेसाठी सुमारे १४० वॅट खर्च होतात. टँडमसाठी हा गुणाकार ०.८ होत नाही, ०.५५ च्या आसपास राहतो. एकूण खर्च १९० वॅट, म्हणजे प्रत्येकी ९५. दर माणशी जवळजवळ तिसरा हिस्सा वाचतो. सपाट रस्त्यावर टँडम एकट्या सायकलींना मागे टाकते ते यामुळेच.

चढावर हा लाभ नाहीसा होतो. तिथे वेग कमी, हवेचा रोध नगण्य आणि सारी शक्ती वजन उचलण्यात खर्ची पडते. माणसेही दुप्पट, वजनही दुप्पट. शिवाय दोघांनी एकदम उभे राहून जोर लावणे सरावाखेरीज जमत नाही. म्हणून टँडमला एकट्या सायकलीपेक्षा हलके गिअर लागतात, आणि पुढे तीन दातेरी चक्रांची रचना टँडमवर दीर्घकाळ टिकून राहिली.

दसपट वाकणारा सांगाडा

गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते, की एखादी वस्तू तिच्या सर्व मापांत सारखीच मोठी केली तर ती तितकीच बळकट राहत नाही. टँडम हे त्याचे नेमके उदाहरण आहे. साध्या सायकलीच्या दोन आसांमधील अंतर सुमारे एक मीटर, टँडमचे सुमारे १.७ मीटर. तुळईचा बाक भाराच्या प्रमाणात आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भार दुप्पट आणि १.७ चा घन म्हणजे ४.९. गुणाकार सुमारे दहा. त्याच नळ्या वापरून नुसता लांब केलेला सांगाडा दसपट वाकेल. त्यात पीळ वेगळाच, कारण दोन स्वार दोन ठिकाणी डावी-उजवीकडे जोर देत असतात.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे तिरक्या नळ्या. पुढच्या हॅन्डलच्या मानेपासून मागच्या पायडलच्या आसापर्यंत जाणारी एक जादा नळी सांगाड्याचे त्रिकोण पाडते. दुसरा उपाय नळीचा व्यास वाढवण्याचा. तेवढेच धातू घेऊन व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा चौपट होतो. दोन्ही पायडल-आसांना जोडणारी खालची नळी टँडमवर म्हणूनच नजरेत भरण्याइतकी जाड असते. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांनी हे काम हलके केले.

याच सुमारास फ्रान्समध्ये एक सामाजिक घटना घडली. १९३६ च्या कायद्याने कामगारांना पहिल्यांदाच वर्षाला दोन आठवड्यांची पगारी सुट्टी मिळाली. मोटार परवडणे शक्य नव्हते. जोडपी टँडमवर सामान बांधून समुद्राकडे निघाली आणि ते दृश्य त्या उन्हाळ्याचे प्रतीक होऊन बसले. मागणी वाढली तसे उत्तम कारागीर पुढे आले. विमाननिर्मितीचा अनुभव गाठीशी असलेले रने एर्स हे त्यांतले अग्रगण्य. सांगाडा, ब्रेक, क्रँक आणि दिवे हे सारे एकाच यंत्राचे अवयव म्हणून त्यांच्या कारखान्यात घडत. टँडम घेताना सांगाडा एकीकडून, चाके दुसरीकडून आणि ब्रेक तिसरीकडून असा संसार का जमत नाही, याचा धडा या परंपरेने घालून दिला.

चाळीस स्पोक

चाके मात्र दोनच राहतात. एकट्या सायकलीच्या मागच्या चाकावर पन्नासएक किलोचा भार येतो. टँडमवर तो ऐंशी-पंच्याऐंशीवर जातो. शिवाय खड्डा आला की एकटा स्वार नकळत सीटवरून किंचित उचलला जातो आणि चाकाचा धक्का सौम्य होतो. मागच्या स्वाराला खड्डा दिसत नाही, त्यामुळे त्याचे पूर्ण वजन धक्क्याच्या क्षणी चाकावरच असते.

स्पोक एकदम तुटत नाही, थकून तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत तळाशी आलेल्या स्पोकचा ताण सैलावतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. असे लाखो वेळा घडल्यावर वाकाच्या जागी तडा जातो. स्पोकची संख्या वाढवली की प्रत्येकाच्या वाट्याचा चढउतार कमी होतो. म्हणून टँडमच्या चाकांना ३६, ४० किंवा ४८ स्पोक असतात. मागचा हबही रुंद, १४५ मिलिमीटरपर्यंत आणि काही ठिकाणी १६० मिलिमीटरचा, ठेवतात. कारण गिअरचक्रांमुळे उजव्या बाजूचे स्पोक उभट आणि डावीकडचे सैल राहतात. हब रुंद केला की दोन्ही बाजूंचा ताण समान होतो.

इथे भारतीय वाचकाला एक ओळखीची गोष्ट भेटते. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळची टीआय सायकल्स आणि लुधियानाची हिरो यांच्यामुळे ही धाटणी देशभर रुजली. दुधाच्या कॅनपासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सारे त्या मागच्या चाकाने वाहिले. टँडमला हवे तसे चाक भारतीय सायकलवाल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. उणीव वेगळ्याच ठिकाणी होती.

उतारावरचा शाप

ती उणीव ब्रेकची. समजा, दोन स्वार आणि सायकल मिळून १७० किलो वजन ८ टक्के उतारावरून ताशी ४० किलोमीटरने खाली येत आहे. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला सुमारे १,४८० जूल ऊर्जा देते. हवा आणि टायर मिळून त्यातील साडेपाचशे-सहाशे खातात. उरलेली सुमारे ९०० वॅट शक्ती वेग कायम राखण्यासाठी ब्रेकनेच उष्णतेत बदलायची असते. पाणी तापवायचा विजेचा रॉड जवळपास एवढाच असतो. तोच हिशेब ८७ किलोच्या एकट्या सायकलीसाठी केला तर ब्रेकच्या वाट्याला ३७० वॅट येतात. म्हणजे माणसे दुप्पट झाली, पण ब्रेकची उष्णता जवळजवळ अडीचपट झाली. कारण सपाटीवर जो हवेचा रोध वाचला, तोच उतारावर मदतीला कमी पडला. टँडमचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा धोका ही एकाच राशीची दोन रूपे आहेत.

ही उष्णता रिममध्ये गेली तर ट्यूबमधली हवा तापते, दाब वाढतो आणि लांब घाटात टायर रिमवरून निसटून ट्यूब फुटू शकते. म्हणून टँडमवर तिसरा ब्रेक आला. मागच्या हबवरचा ड्रम ब्रेक सतत हलका लावून ठेवायचा आणि रिमचे ब्रेक थांबण्यासाठी राखून ठेवायचे. जपानी ‘अराई’ ड्रम अनेक वर्षे यासाठी प्रसिद्ध होता. विशेष म्हणजे त्याची मूठ पुष्कळदा मागच्या स्वाराच्या हाती दिली जाई. आज मोठ्या तबकडीचे डिस्क ब्रेक ते काम करतात, परंतु तिथेही तबकडीचा व्यास आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता टँडमच्या हिशेबाने निवडावी लागते. जुन्या भारतीय सायकलीचे दांड्यांचे ब्रेक क्रोमच्या ओल्या रिमवर एकट्या स्वारालाही अपुरे पडत. दोन जुन्या सायकली जोडून केलेली टँडम मैदानात मजेत चालते, घाटात ती चालवू नये.

दोन पायांची कला

शेवटचा प्रश्न क्रँकचा. दोघांचे पायडल डाव्या बाजूच्या एका साखळीने जोडलेले असतात. तिच्या दोन्ही टोकांच्या चक्रांचे दात समान हवेत, नाहीतर दोघांच्या पायांचे नाते प्रत्येक फेरीला बदलत जाईल. या साखळीचा ताण राखण्यासाठी पुढचा पायडल-आस मध्यापासून जरा सरकवलेल्या गोल कोशात बसवतात. कोश फिरवला की साखळी घट्ट होते.

पायडलवरचा जोर एका फेरीत दोनदा शिगेला पोहोचतो आणि दोनदा जवळजवळ शून्यावर येतो. स्थूलमानाने त्याची शक्ती कोनाच्या साइनच्या वर्गाप्रमाणे बदलते. दोघांचे क्रँक समान कलेत असतील तर शिखरे एकमेकांवर चढतात आणि साखळीला मोठे झटके बसतात. एकाचे क्रँक ९० अंशांनी पुढे ठेवले, तर दुसऱ्याची शक्ती कोसाइनच्या वर्गाप्रमाणे येते, आणि साइन-वर्ग व कोसाइन-वर्ग यांची बेरीज सदैव एक. जोर अखंड होतो. निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या बहुकला मोटरींतील समान शक्तीमागे हेच गणित आहे.

तरीही बहुसंख्य जोड्या समान कलेतच चालवतात. वळणावर आतला पायडल दोघांचाही एकदम वर हवा असतो, निघताना आणि उभे राहताना दोघांची हालचाल एक असावी लागते. सायकलीचे जडत्व झटके बरेचसे गिळून टाकते. गणिताने सुचवलेली उत्तम मांडणी आणि माणसांना पेलणारी मांडणी इथे वेगळी पडते, आणि निवड माणसांच्या बाजूने होते.

ज्यांना ती हवीच

ऑलिंपिकमध्ये टँडम १९०८ साली लंडनला आली आणि १९७२ च्या म्युनिकनंतर वगळली गेली. डोळस जगासाठी ती हौसेची वस्तू उरली. पण दृष्टिहीन स्वारांसाठी रस्त्यावर सायकल चालवण्याचा हाच व्यवहार्य मार्ग होता. १९८० च्या दशकापासून दिव्यांगांच्या सायकल स्पर्धांना आकार आला, तो प्रथम त्यांच्याच टँडममुळे. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये विजेत्या ब्रिटिश जोडीने एक किलोमीटरचे अंतर थांबलेल्या अवस्थेतून निघून ५९ सेकंदांच्या आत कापले. भारतात पुण्याचे दृष्टिहीन साहसवीर दिव्यांशू गणात्रा यांनी २०१६ मध्ये टँडमवरून मनाली ते खारदुंग ला असा प्रवास केला. पाच हजार मीटरवरच्या खिंडी आणि त्यांच्यापुढचे लांबच लांब उतार यांचा विचार करता, वरचा ब्रेकचा हिशेब तिथे कागदावरचा राहत नाही.

त्यामुळे टँडम निवडण्याचा क्रम इतिहासानेच लावून दिलेला आहे. आधी ब्रेक, मग चाके, मग सांगाड्याचा ताठपणा, आणि त्यानंतर गिअर व रंग. आणि या सर्वांच्या आधी मागची बैठक. मागच्या स्वाराचे हॅन्डल पुढच्याच्या सीटच्या दांडीला जोडलेले असते. मधले अंतर कमी असेल तर त्याला तासन्‌तास पुढच्याच्या पाठीला नाक टेकून बसावे लागते. त्याच्या पायांना शोभतील एवढ्याच लांबीचे क्रँक, धक्का सोसणारी सीटची दांडी, आणि शक्य असल्यास तिसऱ्या ब्रेकची मूठ, ही त्याची हक्काची मागणी आहे. पुढच्यानेही खड्डा, वळण, गिअर आणि थांबा हे सारे आधी तोंडाने सांगायचे असते.

दुकानात टँडम पसंत करताना बहुतेक वेळा पुढे बसणाराच ती चालवून पाहतो. पैसे देण्यापूर्वी त्याने एकदा मागच्या सीटवर बसावे, डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि दुसऱ्याला एखाद्या उतारावरून ती खाली न्यायला सांगावी. कोणता भाग बदलून घ्यायचा, हे तो खाली पोहोचेपर्यंत त्याला कळलेले असेल.